महापूर ओसरल्यावर शिरोळ तालुक्यात: औषधांची खोकी, चिखल्या आणि अण्णांची उधारीची वही

१४ ऑगस्ट २०१९, बुधवार

पहाटे पुण्यातून निघालो. टीम छोटीच. एक फिजिशियन सर, एक स्किनची डॉक्टर, एक सिस्टर, मी फार्मासिस्ट आणि गाडी चालवणारे काका. शिरोलीजवळ पाण्याखाली गेलेला हायवे नुकताच सुरू झालेला, त्यामुळे सातारा सोडल्यापासून पुढे मागे नुसते मदतीचे टेम्पो, प्रत्येकावर फ्लेक्स, आणि प्रत्येक टेम्पोत बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या. किणी टोलनाका गेल्यावर वाठारला आत वळलो आणि वडगाव, हातकणंगले करत जयसिंगपूरला पोचलो.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिरोळ तालुक्यात चार नद्या आहेत, कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा. त्यामुळे वर कुठेही जास्त पाऊस झाला तरी पाणी शेवटी इथंच येतं आणि साठून राहतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, यावेळी ती ५५ च्या वर गेली. सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेची ४५, तिथं ५७ च्या वर. आकडे पेपरात वाचले होते, पण ५७ म्हणजे काय ते गावातल्या घरांच्या दुसऱ्या मजल्याच्या भिंतीवरची चिखलाची रेघ बघितल्यावर कळतं.

जयसिंगपूर उंचावर असल्यामुळे वाचलेलं. शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं वसवलेलं गाव, आखून केलेले सरळ रस्ते आणि गल्ल्यांना चक्क नंबर. बाहेरून आलेल्या माणसाला पत्ता सापडतो याचं त्या दिवसांत फार बरं वाटलं. आजूबाजूच्या गावांतले लोक इथं शाळांत, मंगल कार्यालयांत, नातेवाइकांकडे राहिलेले.

पोचल्यावर आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या ऑफिसात गेलो. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथंच सांगते: आपलं गाव आपण निवडू नका. डांबरी रस्त्यावरच्या गावात एका दिवसात चार चार टीम येऊन जातात, एकाच आज्जीचं बीपी चार वेळा बघितलं जातं, आणि आत दोन किलोमीटरवरच्या वाडीत कुणीच जात नाही. ऑफिसात भिंतीवर गावांची यादी लावलेली, कुठल्या गावात कोण गेलंय ते पेनानं लिहिलेलं. त्यात जिथं रिकामं दिसेल तिथं जायचं. आम्हाला संध्याकाळसाठी एक कॅम्प दिला आणि परवापासून कुरुंदवाडच्या पुढची दोन गावं, पाणी उतरलं तर.

रात्री खोकी फोडली. आम्ही आणलेली औषधं ठीक होती पण कॅम्पवर आधीच येऊन पडलेली जी खोकी होती ना, त्यांनी माझा जीव खाल्ला. अर्ध्या कापलेल्या स्ट्रिप, ज्याच्यावरचं नाव आणि एक्सपायरी दोन्ही कापून गेलेलं. कफ सिरपच्या फुटलेल्या बाटल्या आणि त्यात चिकटलेल्या गोळ्या. डॉक्टरांना मिळतात ते सॅम्पल, एकेका प्रकारच्या दोन दोन गोळ्या. कुणीतरी आपल्या वारलेल्या आजोबांचा अख्खा डबा पाठवलेला, चष्म्यासकट. हेतू चांगलाच असतो, मान्य, पण ते निवडायला आम्ही दोघी आणि काका मध्यरात्रीपर्यंत बसलो आणि निम्म्याहून जास्त बाजूला काढलं. दान म्हणून औषध पाठवताना निदान एक वर्ष एक्सपायरी शिल्लक असावी असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. घरातली उरलेली औषधं पाठवूच नका. एका प्रकारचा एक पूर्ण बॉक्स पाठवा, आणि तोसुद्धा आधी फोन करून, काय हवंय ते विचारून.

१५ ऑगस्ट, गुरुवार

स्वातंत्र्यदिन आणि राखीपौर्णिमा एकाच दिवशी. सकाळी कॅम्पच्या पटांगणात झेंडावंदन झालं, निम्मी पोरं वाटलेल्या कपड्यांत, एकाच्या अंगात बापाच्या मापाचा शर्ट. बोटीवरचे जवान आलेले, त्यांना राख्या बांधायला बायकांनी लाईन लावली. एका पोरीनं आमच्या सरांनाही बांधली आणि ओवाळणी म्हणून सरांनी खिशातला पेन दिला, तो दिवसभर परत मागायची वेळ येत होती.

ओपीडी शाळेच्या वर्गात. मला वाटलेलं जुलाब, ताप, जखमा असं काहीतरी येईल. आले ते सगळे बीपी आणि शुगरवाले. आठवडाभर गोळी नाही. कागद वाहून गेले, फायली भिजून लगदा झाल्या. आणि प्रत्येकाचं उत्तर एकच, "पांढरी बारकी गोळी असती बगा, सकाळची." जगातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि बारक्या असतात हो मावशी!

काका यात कामाला आले. त्यांना कुणाशीही बोलायची सवय. चहा आणायला गेले आणि येताना एका माणसाला घेऊन आले, साठीचे, पांढरा लेंगा, सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. अण्णांचं कुरुंदवाडला मेडिकलचं दुकान, तीसेक वर्षांचं. दुकान पूर्ण पाण्याखाली. २००५ ला पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण त्यांनी भिंतीवर करून ठेवलेली, यावेळी पाणी वाढायला लागल्यावर सगळा माल त्या खुणेच्या वर चढवला आणि निर्धास्त झाले. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. हे पुढं आम्ही घराघरात ऐकलं, टीव्ही, धान्य, दागिने, शाळेचे दाखले, सगळं २००५ च्या रेघेच्या वर ठेवलेलं आणि सगळं गेलेलं.

"मग काय वाचलं अण्णा?" मी विचारलं.

"काय न्हाई. उधारीची वही तेवढी काखंत मारून निघालो."

ती वही बघून मला उडीच मारावीशी वाटली. लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची, आणि तिच्यात नाव, तारीख, किती पैसे आणि कशाचे, सगळं. म्हणजे उधारीवर महिन्याची औषधं नेणाऱ्या प्रत्येकाचं प्रिस्क्रिप्शनच की! अण्णा माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. पेशंट आला की आधी त्याच्याकडे बघणार, मग पानं उलटणार, "हिची अमलोडिपिन पाच. मेटफॉर्मिन दोन टायमाला, पण दुसरी ती चुकवती, पोट बिघडतंय म्हणती." ती बाई लाजून दुसरीकडे बघणार. अर्थात वहीत आहे म्हणून सरळ गोळी दिली असं नाही, सर आधी बीपी आणि शुगर तपासायचे, डोस ठरवायचे, पण सुरुवात कुठून करायची ते कळायचं. आठवडाभर बंद असलेली गोळी कधी कधी कमी डोसनं सुरू करावी लागते, कधी बदलावी लागते, ते डॉक्टरांचं काम. आणि झोपेची किंवा फिटची गोळी अचानक बंद झालेली असेल तर तो पेशंट लाईनमधून पुढे घ्या. असा एक मुलगा आला होता, आईनं सांगितलं नसतं तर तो शांतपणे तासभर रांगेत उभा राहिला असता.

एका माणसाचं औषध देऊन झालं तर अण्णा वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "ह्येच्याकडनं साडेचारशे यायचं हाईत," आणि तो माणूसही हसला. बहुतेक आठवड्यात पहिल्यांदा.

दुपारचं जेवण कॅम्पवरच, भात, आमटी, आणि सोलापूरकडून आलेली कडक भाकरी, शेंगाचटणी. ती भाकरी आठ दिवस टिकते, पाठवणाऱ्यानं डोकं लावलेलं. तेवढ्यात "जेवलासा का मॅडम?" असं निदान सहा जणांनी विचारलं. ज्यांचं घर पाण्यात आहे ते लोक आम्हाला जेवलात का विचारतात, मला सुरुवातीला काय उत्तर द्यावं तेच सुचत नव्हतं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

पाणी उतरलं, गावात गेलो. आधी वास येतो, गाव नंतर दिसतं. कुजलेला ऊस, सडलेलं धान्य, मेलेली जनावरं, आणि सगळ्यावर तो बारीक गाळ. ऊस बाहेरून हिरवा दिसतो काही ठिकाणी, मी म्हणलं पण की हा वाचलाय वाटतं, तर एक शेतकरी म्हणाले, "पोंग्यात पानी गेलं की संपला ऊस." म्हणजे शेंड्याची सुरळी असते ना, तिच्यात पाणी आणि गाळ शिरला की वाढ तिथंच थांबते, मग शेंडा कुजतो आणि खालच्या कांड्यांचे डोळे फुटायला लागतात. उभा दिसला तरी साखरेच्या हिशोबात गेलाच.

आम्हाला गावात फिरवलं आशाताईंनी. त्यांचं स्वतःचं घर पडलेलं, तरी दंडाला बॅग लावून सकाळी आठला हजर. कुठल्या घरात गरोदर बाई आहे, कुठं टीबीचा पेशंट आहे ज्याच्या गोळ्या चुकून चालत नाहीत, कुठला म्हातारा माडीवर एकटा राहिला होता, सगळं तोंडपाठ. कुठल्याही गावात गेलात तर आधी आशाताईला शोधा आणि ती म्हणेल त्या क्रमानं घरं करा.

दिवसभर पाय बघितले. खरंच, पायच. सगळं गाव चिखलात अनवाणी घरं साफ करतंय, आणि प्रत्येकाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, पांढरी पडून सोललेली कातडी, काहींच्या तर रक्त येईपर्यंत. बायकांनी मेंदी लावलेली, काहींनी हळद आणि तेल. स्किनची डॉक्टर एका ओट्यावर बसली आणि उठलीच नाही. तिचा मंत्र एकच, स्वच्छ पाण्यानं धुवा, बेचक्या कोरड्या करा, मग मलम, आणि रात्री पाय कोरडे उघडे ठेवून झोपा. कोरडं करायला कपडा कुठाय पण? क्लोट्रिमॅझोलच्या ट्यूब दुपारीच संपल्या. म्हणून जाणाऱ्यांना सांगते, अँटिबायोटिकच्या खोक्यांपेक्षा बुरशीचं मलम, जुनी धुतलेली सुती धोतरं फाडून केलेले फडके आणि गमबूट न्या. गमबूट आले होते गावात, पण सगळे ९ आणि १० नंबरचे. चिखल काढत होत्या बायका.

त्याच वेळी डॉक्सीसायक्लिन वाटप. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून पाण्यात, चिखलात येतात आणि पायाच्या असल्याच फाटक्या कातडीतून आत जातात, म्हणून चिखलात काम करणाऱ्या मोठ्या माणसांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, म्हणजे शंभरच्या दोन कॅप्सूल एकदम. गरोदर बायका आणि लहान मुलं यांना ही द्यायची नाही, त्यांचं डॉक्टर वेगळं बघतात. जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून तिथं जखम होते. मी हे वाक्य त्या दिवशी इतक्यांदा बोलले की शेवटी मागच्या पोरांनी ते पाठ करून माझ्या आधीच म्हणायला सुरुवात केली, मग त्यांनाच कामाला लावलं.

संध्याकाळी एका घरात भांड्याच्या कपाटात साप निघाला. गर्दी, आरडाओरडा, काठ्या. आशाताईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि सर्पमित्राला फोन लावला. चावला कुणाला नाही, पण आमच्याकडे सर्पदंशाची लस नव्हती आणि ती अशी ओट्यावर बसून द्यायची गोष्टही नाही. जवळ ती लस कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे आणि तिथं जायचा कुठला रस्ता सुरू आहे हे सकाळी गावात शिरायच्या आधीच विचारून ठेवा.

१७ ऑगस्ट, शनिवार

श्रावणी शनिवार. आणि दुसऱ्या गावात निम्म्या लोकांचा उपास. "गोळी उद्या घेतो मॅडम, आज शनवार हाय." चिखल उपसणारा माणूस उपाशी, वर शुगरची गोळी घेतलेली, हे तर अजूनच वाईट. सिस्टर पंढरपूरकडची, तिनं एका मिनिटात प्रश्न सोडवला, "शाबू खाल्ला का? मग त्यावर घ्या की, गोळीला काय कळतंय शाबू हाय का भाकरी." त्यानंतर धडाधड गोळ्या गेल्या. आम्ही पुण्यात बसून जो प्लॅन केला होता त्यात श्रावण कुठेच नव्हता.

एक आज्जी भेटल्या, इन्शुलिनवर. लाईट नाही, फ्रीज पालथा पडलेला, म्हणून त्यांनी इन्शुलिन बंदच केलं होतं, "खराब झालं आसंल." पण माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली त्यांनी व्यवस्थित जपलेली, मुक्काम हलवतानाही कमरेच्या पिशवीत. वापरातली बाटली थंड सावलीच्या जागी साधारण चार आठवडे चालते, फ्रीजच पाहिजे असं नाही. पुराच्या पाण्यात बुडालेली असेल तर मात्र फेकायची, कितीही बंद दिसली तरी. आज्जींची कोरडी होती पण किती दिवस उन्हात गेली ते सांगता येईना, म्हणून सरांनी नवीन दिली, शुगर मोजून डोस ठरवला आणि जुनी टाकून द्यायला सांगितलं. आज्जींनी ती टाकली नाही, मागच्या बाजूला लपवताना मी बघितलं, मग परत जाऊन गोड बोलून काढून घेतली.

पाण्याचं काम ग्रामपंचायतीचा शिपाई करत होता. विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची, थोडा वेळ थांबायचं आणि ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची चाचणी, पाण्याला पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. घरोघरी मात्र क्लोरीनच्या गोळ्या वाटलेल्या आणि लोकांना त्या पोटात घ्यायच्या वाटल्या! एका आजोबांनी हातावर घेऊन तोंडापर्यंत नेलेली. पाकिटावर सगळं बारीक अक्षरात. तेव्हापासून आम्ही क्लोरीनच्या गोळ्या औषधाच्या टेबलावर ठेवल्याच नाहीत, त्या वेगळ्या माणसानं, वेगळ्या जागी, घागर समोर ठेवून दाखवूनच द्यायच्या. आणि किती पाण्याला किती गोळ्या हे कंपनीप्रमाणे बदलतं, पाकीट वाचा, अर्धा तास थांबून मग प्यायला द्या.

रात्री माणसं बोलायला यायची. दुखणं काही नाही, नुसतं "झोप लागंना." पत्र्यावर पाऊस वाजला की उठून बसायचं. एका बाईंनी सांगितलं, दावं सोडून दिलेली म्हैस दोन दिवस माडीच्या खिडकीतून दिसत होती, मग दिसेनाशी झाली. सरांनी त्यांना झोपेची गोळी दिली नाही. अर्धा तास नुसते ऐकत बसले, म्हशीचं नाव विचारलं, दूध किती द्यायची विचारलं. त्या उठताना म्हणाल्या, "बरं वाटलं बोलून." रजिस्टरमध्ये औषधाच्या रकान्यात काय लिहू म्हणून मी विचारलं तर सर म्हणाले, सोड रिकामा.

१८ ऑगस्ट, रविवार

निघायचा दिवस. सकाळचा सगळा वेळ रजिस्टर उतरवण्यात गेला. एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राला, एक आशाताईंना, आणि त्यात वेगळी यादी, कुणाला डॉक्सीचा पुढचा डोस कधी, कुणाची बीपीची गोळी कधी संपणार. लेप्टोचा ताप साधारण एक ते दोन आठवड्यांनी येतो. म्हणजे सगळे टेम्पो, सगळ्या टीम, सगळे कॅमेरे परत गेल्यावर. तेव्हा कुणाला ताप आला तर तो नुसता पाऊस लागल्याचा ताप म्हणून अंगावर काढू नका, पिंढऱ्या दुखतायत, डोळे लाल झालेत, लघवी कमी झालीय तर लगेच दवाखाना, हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहून शाळेच्या आणि दूध डेअरीच्या भिंतीवर लावलं. डेअरीची जागा काकांनी सुचवली. सकाळ संध्याकाळ सगळं गाव तिथं येतं.

येताना नृसिंहवाडीवरून आलो. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम. एरवी पावसाळ्यात इथं पाणी देवळात शिरतं त्याचा सोहळा असतो, दक्षिणद्वार म्हणतात, उत्तरेच्या दारातून आलेलं पाणी दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं आणि त्यात स्नान करायला लोक लांबून येतात. त्यामुळे इथल्या माणसाला पुराचं भय नव्हतंच, पाणी येणार, देवाला भेटून जाणार, एवढंच. पेढ्याच्या आणि कवठाच्या बर्फीच्या दुकानांतून लोक फावड्यानं चिखल बाहेर ओढत होते. एका दुकानदारानं आम्हाला थांबवून चहा पाजला, पैसे घेतले नाहीत, आणि काकांनी सवयीप्रमाणे त्यालाही बीपी आहे का विचारून घेतलं. होतं.

नंतरचं

दोन आठवड्यांनी, गणपतीच्या सुमारास, आशाताईंचा फोन आला. तापाचे पेशंट निघाले होते, त्यातला एक जण पिंढऱ्या दुखतात म्हणून स्वतःहून डेअरीवरचा कागद बघून आला, वेळेत ॲडमिट झाला, बरा आहे. डॉक्सीचा दुसरा डोस यादीतल्या बहुतेकांनी घेतला, तिसऱ्याला लोक कंटाळले. अण्णांनी दुकानाचं शटर उघडलंय, माल उधारीवरच आणलाय म्हणे.

मी विचारलं, औषधं काय पाठवू? तर म्हणाल्या, औषधं आहेत सेंटरला, गमबूट पाठवा, बायकांच्या मापाचे, ४, ५ आणि ६ नंबर. पुण्यात दोन दिवस फिरून मिळाले, काळे नाहीत, सगळे गुलाबी. ट्रान्सपोर्टनं पाठवले. त्यावर आशाताईंचा मेसेज आला की ४ नंबरचे अजून लागतील.